बेटावर जा, पण वाफसा पाहून



गेली तीस वर्षे गावोगाव हिंडून मी एकच गोष्ट सांगत आलो, की पेरणी भिंतीवरच्या तारखेवर करू नका, वाफशावर करा. जमीन चिकट असताना पाभर घातली तर बी कुजते, आणि ओल उडाल्यावर घातली तर उगवत नाही. मधले जे चार-सहा दिवस, तेच खरे. हे सांगणारा मी मात्र काही वर्षांपूर्वी घरच्या मंडळींना घेऊन अंदमानला निघालो, तेव्हा वाफसा पाहिला नाही. दिवाळीच्या सुट्टीची लाल तारीख तेवढी पाहिली.

सोबत आमचे थोरले बंधू आणि वहिनी होत्या. घरची शेती दादाच पाहतात. पंढरपूर, तुळजापूर आणि वहिनींचे माहेर, याच्या पलीकडे दोघांचा प्रवास झालेला नव्हता. तुरीच्या पट्टीतून दरवर्षी थोडे थोडे बाजूला काढून दादांनी ही रक्कम जमवली होती. सावरकरांची कोठडी एकदा डोळ्यांनी पाहायची, ही त्यांची शाळेपासूनची इच्छा.

पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला उतरलो तो पाऊस. दुसऱ्या दिवशी पावसातच बोटीने पुढच्या बेटावर गेलो. तिथे समुद्र खवळला आणि बोटी बंद झाल्या. तीन दिवस आम्ही चौघे एका खोलीत बसून छपरावरचे पाणी ऐकत होतो. परतीचे विमान चुकले, नवी तिकिटे दुप्पट भावाने घ्यावी लागली. सेल्युलर जेल पाहायला जेमतेम अर्धा तास मिळाला, तोही छत्रीखाली. गावाकडे परतीच्या पावसाने हरभऱ्याला छान ओल झाली होती. आम्ही पोहोचेपर्यंत ती उडून गेली.

दादा रागावले नाहीत. धक्क्यावर बोटीची वाट पाहत असताना एवढेच म्हणाले, “अरे, साऱ्या तालुक्याला तू पेरणीची वेळ सांगतोस. इथल्या पावसाची वेळ नाही का रे बघितलीस?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधले, म्हणून हा लेख.

बेटांचा पाऊस आपल्यापेक्षा वेगळा

अंदमान-निकोबार ही बंगालच्या उपसागरातली लहानमोठी आठशेच्या वर बेटे. वस्ती त्यांतल्या तीसेक बेटांवर. चेन्नईपासून पोर्ट ब्लेअर समुद्रमार्गे सुमारे १,२०० किलोमीटर. जहाजाला अडीच-तीन दिवस लागतात, विमानाला सव्वादोन तासांच्या आसपास. या शहराचे नाव सप्टेंबर २०२४ पासून श्रीविजयपुरम असे झाले आहे. हॅवलॉक आणि नील या बेटांना २०१८ पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप म्हणतात. बोलण्यात मात्र जुनी नावेही चालतात, म्हणून दोन्ही ठाऊक असावीत.

आपल्याकडे मोसमी पाऊस जूनमध्ये येतो. पण केरळच्या आधी तो अंदमानच्या समुद्रावर पोहोचतो, साधारण २० ते २२ मेच्या सुमारास. तिथून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येचा पाऊस. आपल्याकडे ऑक्टोबरात आभाळ मोकळे होऊ लागते, तेव्हा तिकडे वाऱ्याची दिशा बदलते आणि ईशान्येचा पाऊस सुरू होतो. तो डिसेंबरपर्यंत राहतो. म्हणजे वर्षाचे सात-आठ महिने पाऊस. वर्षभरात सुमारे ३,००० मिलिमीटर पडतो. आपल्या अवर्षणग्रस्त तालुक्यांत ५०० ते ६०० मिलिमीटरवर वर्ष काढावे लागते, यावरून अंदाज यावा.

माझी चूक इथेच झाली. आपला पावसाळा संपला म्हणजे तिकडचाही संपला, असे मी धरून चाललो.

दुसरी गोष्ट वादळांची. बंगालच्या उपसागरात वादळाचे हंगाम दोन : एक एप्रिल ते जून, दुसरा ऑक्टोबर ते डिसेंबर. दुसरा अधिक जोराचा. डिसेंबर २०१६ मध्ये, पुढे ‘वरदा’ नावाचे वादळ झाले त्या हवामानात, हॅवलॉक आणि नील बेटांवर हजाराहून अधिक पर्यटक अडकून पडले आणि त्यांना सोडवायला नौदलाची जहाजे पाठवावी लागली. हे दरवर्षी घडते असे नाही, पण जोखीम कोणत्या महिन्यांत आहे ते ठाऊक हवे.

मग उरले काय? जानेवारीचा उत्तरार्ध ते एप्रिलचा मध्य. त्यातही फेब्रुवारी आणि मार्चचा पहिला पंधरवडा सर्वांत चांगला. पाऊस नगण्य, ऊन सोसण्याजोगे, वारा मंदावलेला. समुद्र शांत असला की पाण्यातला गाळ खाली बसतो आणि काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ व रंगीत मासे स्पष्ट दिसतात. नाताळ आणि नववर्षाची गर्दीही तोपर्यंत ओसरलेली असते, म्हणून खोल्यांचे भाव उतरतात. जून ते सप्टेंबर भाव आणखी कमी असतात खरे, पण बोट सुटेल की नाही याची खात्री नसते. स्वस्त बियाणे घेऊन दुबार पेरणी करण्यातलाच हा प्रकार.

आता आपले शेत पाहू

बेटाचा वाफसा कळला. पण नोकरदार रजेचा अर्ज टाकून निघतो, तसे शेतकऱ्याला निघता येत नाही. म्हणून ज्याने त्याने आपल्या पिकातली सवड शोधावी.

गहू : वेळेवर, म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यास पेरलेल्या गव्हाला दाणे भरण्याच्या वेळचे पाणी ८० ते ८५ दिवसांनी, म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बसते. कापणी मार्चच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. मधले पंधरा-वीस दिवस मोकळे. बेटाचाही तोच उत्तम काळ.

कापूस : फरदड ठेवू नका, गुलाबी बोंडअळीला ती घर देते, हे आम्ही नेहमी सांगतो. ज्यांनी वेळेत पऱ्हाटी काढली, त्यांना फेब्रुवारी मोकळा सापडतो.

रब्बी ज्वारी : कणसात दूध भरू लागले की पाखरांची राखण लागते. राखणीला घरचे माणूस असेल तर संक्रांतीनंतर निघावे, नसेल तर काढणी-मळणी उरकून मार्चमध्ये.

द्राक्ष : काढणी संपल्यावर आणि एप्रिलच्या खरड छाटणीपूर्वी वेलीला विश्रांती द्यायची असते. तीच मालकाने आणि मालकिणीनेही घ्यावी.

उन्हाळी कांदा : काढणीपूर्वी दोन-तीन आठवडे पाणी तोडतात. डिसेंबर-जानेवारीत लागवड असेल तर ही सवड बहुधा एप्रिलच्या सुरुवातीला मिळते. उकाडा असेल, पण समुद्र चांगला असतो.

ऊस : इथे मी सावधच राहीन. तोडणीची टोळी कधी येईल हे कोणीच सांगू शकत नाही. ऊस गेला, खोडव्याचे बुडखे छाटले, पाचट सरीत दाबले आणि खताची पहिली मात्रा दिली की मगच तिकिटे काढावीत.

आणि जनावरे. गाय फळल्यापासून सुमारे २८० दिवसांनी विते, म्हैस सुमारे ३१० दिवसांनी. भरवल्याची तारीख गोठ्यात लिहून ठेवत असाल तर विण्याची तारीख आजच काढता येईल. तिच्या मागेपुढे पंधरा दिवस घर सोडू नका. दुभत्या जनावराला नवे हात लवकर मानवत नाहीत. जो धार काढणार असेल, त्याला आधी चार-पाच दिवस गोठ्यात येऊ द्या. शेजाऱ्याला सांगताना संकोच वाटू देऊ नका. पुढच्या वर्षी तो जाईल, तेव्हा तुम्ही त्याचा गोठा सांभाळा. आपल्याकडे सावड पूर्वापार आहे, ती प्रवासालाही चालते.

मुलांच्या शाळेचे काय?

शाळकरी मुले असतील तर परीक्षा संपल्याबरोबर निघावे आणि मेच्या पहिल्या आठवड्याच्या आत परतावे. त्यानंतर पावसाशी शर्यत लागते. दुपारचे ऊन आणि दमट हवा त्रास देते, म्हणून हिंडणे सकाळी लवकर करावे. दिवाळीखेरीज सवडच नसेल, तर दोन दिवस आणि तेवढा पैसा राखून निघावे.

क्रम आणि काळजी

आमच्या फजितीतून शिकलेली सर्वांत उपयोगी गोष्ट ही, की दूरची बेटे आधी पाहावीत आणि परतीच्या विमानाआधीची निदान एक रात्र, जमल्यास दोन, पोर्ट ब्लेअरलाच काढाव्यात. बोट एखादा दिवस अडली तरी विमान चुकत नाही.

बेटे आपल्या पूर्वेला खूप दूर, पण घड्याळ मात्र एकच. त्यामुळे जानेवारीत तिथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारी झोपून चारला निघू म्हणाल तर काहीच पाहून होणार नाही. वंडूरच्या सागरी राष्ट्रीय उद्यानातली जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटे ऋतूप्रमाणे आलटूनपालटून उघडतात, तेव्हा कोणते चालू आहे ते आधी विचारावे. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणूनही उचलू नये, तो कायद्याने गुन्हा आहे. जारवा लोकांच्या राखीव भागातून रस्ता जातो, तिथे त्यांचे छायाचित्र काढण्यास बंदी आहे.

शेतकऱ्याने तिथली शेतीही पाहावी. केंद्रीय द्वीपीय कृषी संशोधन संस्था पोर्ट ब्लेअरला आहे, १९७८ साली सुरू झालेली. नारळ-सुपारीच्या सावलीत मिरी, लवंग, दालचिनी, जायफळ कसे बसवतात, ते कोकणातल्या बागायतदाराने तरी जरूर पाहावे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत दक्षिण अंदमानमधल्या भातशेतांत खारे पाणी शिरले. काही ठिकाणी जमीनच खचल्याने ते परत गेले नाही. ती शेते पाहिली म्हणजे आपल्या मुरमाड रानाबद्दलची कुरकुर कमी होते.

दादांची दुसरी फेरी

गेल्या फेब्रुवारीत दादांचा फोन आला. “गव्हाला शेवटचं पाणी दिलंय, म्हैस मेमध्ये विणार आहे, हरभरा खळ्यावरनं घरात आलाय. आम्ही दोघं निघतोय.” तारीख त्यांनीच काढली होती. मला विचारले नाही.

आठ दिवसांत एक थेंब पाऊस नाही. वहिनींनी गुडघाभर पाण्यात उभ्या राहून पायांभोवती फिरणारे मासे पाहिले आणि परत आल्यावर गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन ते सांगितले. दादांनी सेल्युलर जेलमध्ये पुरा एक दिवस काढला. सात पाकळ्यांच्या त्या इमारतीच्या आता तीनच बाजू उभ्या आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या टोकाच्या कोठडीत सावरकरांना ठेवले होते. १९११ ते १९२१ अशी दहा वर्षे ते त्या तुरुंगात होते. त्यांचे थोरले बंधू बाबारावही तिथेच होते.

“दोघं भाऊ एकाच भिंतीच्या आत,” दादा मला म्हणाले. “तिथं तू असायला हवा होतास.”

त्या वेळी मी होतो, पण पाऊसही होता. आता पुढच्या फेब्रुवारीची रजा मी आजच टाकली आहे. आपणही यंदाची पेरणी उरकली की पीक कधी निघेल याबरोबरच आपल्याला कधी निघता येईल, तेही घरात बसून ठरवा. ठरवताना घरच्या लक्ष्मीलाही विचारा. गोठा, चूल आणि खुरपणी यांतून तिची सुटका कधी होईल, हे तिच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.