जुन्या तारेवर नवें यंत्र

घरांत एखादें नवें विजेचें यंत्र आलें, कीं पैशांचा प्रश्न सुटलेला असतो. उरतो तो एवढाच, कीं ह्याला वीज कोठून द्यावयाची? भिंत फोडण्याची कोणाचीच इच्छा नसते, कारण रंग नुकताच दिलेला असतो. मग घरांतील कोणी तरी शहाणा मनुष्य वर बोट दाखवून म्हणतो, "तेथें तार आहेच कीं!" आज मी बोलणार आहें तें ह्या "आहेच कीं" विषयीं.

ही युक्ति आजची नव्हे. विजेची तार घरांत प्रथम शिरली ती दिव्यासाठीं. इस्त्री, शेगडी ही मंडळी मागाहून आली आणि स्वतंत्र पान मांडलेलें नसल्यामुळें दिव्याच्याच ताटांत जेवूं लागली. अमेरिकेंत हार्वे हबेल ह्या गृहस्थानें १९०४ सालीं ज्या प्लगाचें पेटंट मिळविलें, तो मुळीं दिव्याच्या होल्डरांत बसवून त्यावर दुसरें यंत्र जोडतां यावें, म्हणूनच होता. आपल्याकडेही दिवा काढून त्या जागीं बसविण्याचा दोन भोकांचा प्लग बाजारांत मिळतो.

आमच्या घरीं तो होता. माजघरांतील दिवा काढून त्या जागीं आत्याबाई इस्त्री लावीत. एके दिवशीं दुपारीं करपल्याचा वास आला. इस्त्री पाहिली, होल्डर पाहिला, दोन्ही ठीक! शेवटीं भिंतीवरील लाकडी केसिंगच्या पट्टीवर एक तपकिरी डाग दिसला. वायरमननें पट्टी उघडली. तार सगळीकडे शाबूत होती. करपली होती ती एकाच ठिकाणीं, जेथें कोणीं तरी दोन तारा नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. आत्याबाईंचें म्हणणें एकच: "अरे, चाळीस वर्षें ह्याच तारेवर दिवा जळतो आहे. कधीं कांहीं झालें नाहीं!"

त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. परंतु चाळीस वर्षांची ती साक्ष दिव्यापुरती होती. इस्त्रीविषयीं तारेला कोणीं विचारलेंच नव्हतें.

हिशेब करून पाहूं. आपल्या घरांतील विजेचा दाब २३० व्होल्ट. साठ वॅटचा दिवा सुमारें पाव अँपिअर प्रवाह घेतो. हजार वॅटची इस्त्री चार अँपिअरांहून थोडा अधिक, म्हणजे दिव्याच्या जवळजवळ सतरापट. पण उष्णता सतरापटच वाढते असें नाहीं. इंग्लंडांतील जेम्स ज्यूल ह्या शास्त्रज्ञानें १८४१ सालीं दाखवून दिलें, कीं तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. आपल्या इस्त्रीच्या बाबतींत ती पावणेतीनशेंपट होते!

लांबलचक तारेवर ही उष्णता पसरून जाते, म्हणून तार बहुधा तग धरते. सांध्याचें तसें नाहीं. समजा, त्या ढिल्या सांध्याचा रोध ओहमचा एक पंचमांश आहे. दिवा लागला असतां तेथें वॅटचा सुमारें सत्तरावा हिस्सा खर्च होईल. हाताला ऊबही लागणार नाहीं. इस्त्रीनें तेथें पावणेचार वॅट होतील, आणि दोन हजार वॅटच्या गीझरनें पंधरा. हरभऱ्याएवढ्या जागेंत पंधरा वॅट, आणि भोंवतीं वाळलेलें लांकूड! त्यांतून तापलेला सांधा गंजतो, गंजला कीं त्याचा रोध वाढतो, रोध वाढला कीं तो अधिक तापतो. कांहीं जुन्या घरांत अ‍ॅल्युमिनियमच्या तारा आहेत; त्यांना तांब्याची तार नुसती पिळून जोडली, तर हें चक्र अधिकच लवकर फिरूं लागतें.

आणि फ्यूज काय करीत असतो? कांहीं नाहीं. त्याला कळतो तो प्रवाह. सांधा तापल्यानें प्रवाह वाढत नाहीं, मग फ्यूजला पत्ता कसा लागावा? फ्यूज हा तारेचा राखणदार, तोही आपण त्यांत योग्य जाडीची तार घातली तरच. वारंवार उडतो म्हणून त्यांत जाड तार घालणें म्हणजे राखणदाराला अफू पाजून चोरांची तक्रार करण्यासारखें आहे.

म्हणून जुनी तार वापरूंच नये, असें मात्र नाहीं. हल्लीं कित्येक घरांच्या गच्चीवर सूर्याच्या उष्णतेनें पाणी तापतें आणि न्हाणीघरांतील गीझरची तार रिकामी पडते. भिंतीपलीकडेच स्वयंपाकघर असतें. गीझर दोन हजार वॅटचा, नवी इंडक्शन शेगडीही तेवढ्याच वॅटची. दोघांचाही प्रवाह पावणेनऊ अँपिअरांच्या आसपास. तार अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची असेल, मध्यें सांधा नसेल आणि अर्थिंगची तिसरी तार शेवटपर्यंत पोहोंचली असेल, तर ही अदलाबदल निर्धास्त करावी. मात्र "पावसाळ्यांत लागेल" म्हणून गीझरही त्याच तारेवर ठेवूं नये. दोन्ही एकदम चालले, कीं साडेसतरा अँपिअर होतात, आणि तेथला एम.सी.बी. बहुधा सोळाचा असतो.

दिव्याच्या तारेकडे हें भाग्य क्वचितच असतें. ती एक किंवा दीड चौरस मिलिमीटरची, अनेक सांध्यांतून आलेली, आणि जुन्या घरांत अर्थिंगवांचून. धातूचें अंग असलेलें यंत्र तिच्यावर लावलें आणि आंत तार सुटली, तर ती वीज जाण्यास वाट उरते ती आपल्या हातापायांचीच. पाण्याच्या नळाला तार गुंडाळून हें काम भागत नाहीं. हल्लीं नळही पुष्कळदां प्लास्टिकचे असतात.

तेव्हां यंत्राच्या पाठीवरील वॅट वाचावे, त्यांना २३० नें भागावें, आणि तो आंकडा परवानाधारक वायरमनपुढें ठेवून मेन स्विच बंद करून वाटेवरचा प्रत्येक सांधा उघडवून घ्यावा. उघडून पाहिल्यावांचून "चालेल" म्हणणारा वायरमन आमच्याकडे एकदां आला होता. आत्याबाईंनीं त्याला चहाही दिला नाहीं.

माजघरांत आतां इस्त्रीसाठीं वेगळी तार आहे, तिसऱ्या तारेसह. भिंत फोडावीच लागली, आणि नव्या रंगाचा पट्टा अजून निराळा दिसतो.