इंजिनाचे माप कोण ठरवते?

मोटारींच्या माहितीपत्रकात इंजिनापुढे १,१९७ सीसी, १,४९३ सीसी असे अडनिडे आकडे छापलेले असतात. मुलांनो, सरळ १,२०० किंवा १,५०० का नाहीत?

सीसी म्हणजे घन सेंटिमीटर. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दट्ट्या खालीवर होतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना तो जेवढी जागा व्यापतो, तिचे घनफळ काढून सिलिंडरांच्या संख्येने गुणले, की इंजिनाचे माप मिळते. माप मोठे असेल तर एका वेळी जास्त हवा व इंधन आत जाते आणि जोर वाढतो. भरलेली गाडी तुळजापूरचा घाट चढते तेव्हा हा जोर कामी येतो. पण इंधनही जास्त लागते. हा हिशोब अभियंत्याचा. मात्र शेवटचा आकडा पुष्कळदा नियम ठरवतो.

२००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या मोटारींवरील अबकारी कर २४ वरून १६ टक्के झाला. छोटी म्हणजे लांबी चार मीटरपर्यंत आणि पेट्रोल इंजिन १,२०० किंवा डिझेल इंजिन १,५०० सीसीपर्यंत. मग महिंद्राने झायलो ही मोठी गाडी आखूड करून २०१२ मध्ये क्वांटो आणली: लांबी ३,९८५ मिलिमीटर, इंजिन १,४९३ सीसी! सप्टेंबर २०२५ पासून या मर्यादेच्या आत १८ टक्के जीएसटी आहे, बाहेर ४० टक्के. गाडी घेणाऱ्या कुटुंबाला हा फरक चांगलाच जाणवतो.

डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २,००० सीसी व त्यावरील खाजगी डिझेल मोटारींची नोंदणी थांबवली. स्कॉर्पिओचे इंजिन २,१७९ सीसीचे होते. जानेवारीतच १.९९ लिटरचे इंजिन हजर झाले. ऑगस्ट २०१६ मध्ये बंदी उठली. हेतू हवा स्वच्छ करण्याचा होता. पण इंजिन इंधन कसे जाळते यावरही धूर अवलंबून असतो. नुसत्या मापावर रेघ ओढणे मला तरी अपुरे वाटते.

अशी पळवाट जुनीच आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने मध्यम गाड्यांसाठी स्वतःच ३३० घनइंचांची, म्हणजे सुमारे ५,४०० सीसीची मर्यादा घातली होती. तिच्याच पॉन्टिअॅक विभागाने १९६४ च्या गाडीत ३८९ घनइंचांचे इंजिन ग्राहकाने मागितल्यास मिळेल, अशी सोय केली आणि तिला जीटीओ हे नाव दिले. पाच हजार खपतील असा अंदाज होता. पहिल्याच वर्षी ३२ हजारांवर खपल्या. त्यानंतर कंपनीने मर्यादाच वाढवून ४०० घनइंच केली.