क्वचित उघडणाऱ्या ऐतिहासिक वास्तू आणि स्वयंसेवक : इटलीचा अनुभव

ऐतिहासिक वास्तूंच्या रक्षणाविषयी जे लेखन होते त्यात दुरुस्ती, अतिक्रमण आणि निधी यांचा विचार प्रामुख्याने आढळतो. दुरुस्त झालेली वास्तू उघडी कोणी ठेवावयाची, हा प्रश्न त्या मानाने गौण समजला जातो. वस्तुतः पुष्कळ वास्तू बंद असतात त्या जीर्ण झाल्या म्हणून नव्हेत किंवा मालकाची आडकाठी आहे म्हणूनही नव्हेत. दाराशी बसावयास माणूस नाही, एवढेच त्याचे कारण असते. खेड्यापाड्यांतील जुन्या देवळांची पाहणी ज्यांनी केली आहे त्यांना हे निराळे सांगावयास नको. शिलालेखाची जागा ठाऊक असते, वाट ठाऊक असते, आणि मग अर्धा दिवस किल्ली कोणाकडे आहे या चौकशीत जातो. इटलीसारख्या, वारशाने ओथंबलेल्या देशात ही अडचण फार मोठ्या प्रमाणावर उभी राहिली आणि तिच्यावर तेथे स्वयंसेवकांचा उपाय योजण्यात आला. त्या उपायाचे स्वरूप व त्यातून निर्माण झालेला वाद यांचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उदाहरणादाखल मिलान शहरातील सान माउरित्सिओ हे चर्च घेऊ. कोर्सो माजेंता या रस्त्यावरील त्याचा दर्शनी भाग इतका साधा आहे की आत काय आहे याची कल्पना वाटसरूस येत नाही. बेनेडिक्टाइन पंथाच्या मठवासिनींच्या एका प्राचीन मठाचे हे चर्च असून त्याच्या बांधकामास इ. स. १५०३ मध्ये आरंभ झाला. मठवासिनींना बाह्य जगाशी संबंध ठेवण्याची मुभा नव्हती. म्हणून एकाच दालनाच्या मध्ये आडवी भिंत घालून त्याचे दोन भाग केलेले आहेत. अलीकडचा भाग नगरवासीयांसाठी, पलीकडचा केवळ मठवासिनींसाठी. भिंतीतील जाळीच्या खिडकीतून त्या मिस्सा ऐकत. मात्र ही भिंत छतापर्यंत गेलेली नाही. त्यामुळे पलीकडील गायन अलीकडे ऐकू येई, गाणाऱ्या दिसत नसत. १५५४ साली आंतेन्याती घराण्यातील कारागिराने घडविलेला ऑर्गनही याच आतील भागात आहे. दोन्ही बाजूंच्या भिंती भित्तिचित्रांनी पूर्ण मढविलेल्या असून त्यांतील श्रेष्ठ काम बेर्नार्दिनो लुइनी याचे आहे. आलेस्सांद्रो बेंतिवोलिओ आणि त्याची पत्नी इप्पोलिता स्फोर्झा यांनी या चित्रांना आश्रय दिला. त्यांची कन्या याच मठात होती, हे लक्षात घेतले म्हणजे मधल्या भिंतीवर दात्यांच्या प्रतिमा का आहेत याचा उलगडा होतो. कन्या भिंतीच्या एका अंगास, आणि आईबापांची चित्रे दुसऱ्या अंगास. आतील भागात नोहाच्या तारवाचे एक चित्र आहे. त्यात जोडीजोडीने निघालेल्या पशूंमध्ये एकशिंगी घोडेही सामील झालेले दिसतात. १७९८ मध्ये मठ बरखास्त झाला. ज्या दालनात शतकानुशतके परक्याची दृष्टी जावयाची नाही असा नियम होता, ते दालन आज कोणासही पाहता येते.

ते पाहता येते याचे श्रेय मोठ्या अंशी स्वयंसेवकांकडे जाते. १८९४ मध्ये सत्तावन्न सायकलस्वारांनी मिलान येथे स्थापन केलेल्या 'तूरिंग क्लब' या संस्थेने २००५ मध्ये, ज्याचे नाव मराठीत 'तुमच्यासाठी उघडे' असे होईल, असा उपक्रम सुरू केला. एरवी बंद राहणारी किंवा फार थोडा वेळ उघडणारी चर्चे, संग्रहालये, पुरातन अवशेष अशी स्थळे संस्थेच्या सभासदांनी आळीपाळीने उपस्थित राहून उघडी ठेवावयाची, असे त्याचे स्वरूप आहे. २०१५ पासून रोममधील क्विरिनाले या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाच्या दर्शनातही या संस्थेच्या स्वयंसेवकांचा सहभाग आहे.

या स्वयंसेवकाचे काम बारकाईने पाहण्याजोगे आहे. तो मार्गदर्शक नव्हे. इटलीत पर्यटन-मार्गदर्शक हा परवान्याचा व्यवसाय असून २०२३ च्या १९० क्रमांकाच्या कायद्याने त्यासाठी राष्ट्रीय परीक्षा व नोंदणी विहित केली आहे. स्वयंसेवक स्वागत करतो, लक्ष ठेवतो, विचारले तर सांगतो. चित्रांवर कोणी हात ठेवू नये, खिडकी उघडी राहू नये, ओल आली तर वेळीच कळवावे, अशी ही कामे दिसावयास क्षुल्लक आहेत. तथापि वास्तू टिकते ती बहुतांशी अशाच कामांमुळे. किंबहुना, बंद वास्तू सुरक्षित असते ही समजूतच तपासून पाहिली पाहिजे. गळती, वाळवी आणि चोरी यांना निर्जन जागा मानवते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. याच रस्त्यावर पुढे लिओनार्दोचे 'अंतिम भोजन' आहे. १९७८ ते १९९९ असे दीर्घकाळ चाललेले त्याचे संवर्धन पूर्ण झाल्यापासून तेथे लहान लहान गटांना, हवा गाळणाऱ्या दालनांतून, केवळ पंधरा मिनिटांसाठी प्रवेश मिळतो. ते चित्र ओल्या गिलाव्यावर नव्हे तर कोरड्या भिंतीवर काढलेले असल्यामुळे अतिशय नाजूक झाले आहे. तेथे सद्भावना पुरेशी नाही, यंत्रे व वेतनी तज्ज्ञ हवेत. कोणती वास्तू कोणत्या वर्गात मोडते हे ठरविणे स्वयंसेवकाच्या अखत्यारीबाहेरचे आहे.

वर्षातून एकदोन दिवसच दारे उघडण्याची दुसरी पद्धत अधिक लोकप्रिय आहे. फ्रान्सने १९८४ मध्ये तिचा पायंडा पाडला आणि १९९१ मध्ये युरोपीय परिषदेने ती इतर देशांत नेली. इटलीत 'फाई' ही संस्था, जी १९७५ मध्ये इंग्लंडच्या नॅशनल ट्रस्टच्या धर्तीवर निघाली, १९९३ पासून वसंत ऋतूत असे दिवस साजरे करते. १९९६ पासून या संस्थेने शाळकरी विद्यार्थ्यांना आपल्या गावातील वास्तू दाखविण्याचे काम देण्यास आरंभ केला. त्यांना 'शिकाऊ चिचेरोने' म्हणतात. पुराणवास्तू दाखविणाऱ्यास इटालियन भाषेत असलेला हा शब्द सिसेरो या वक्त्याच्या नावावरून आला आहे; दाखविणारे बहुधा बोलके असत असा त्याचा अर्थ घ्यावयास हरकत नाही. या दिवसांना गर्दी लोटते हे खरे, पण एका दिवसाच्या गर्दीपेक्षा वर्षभर दाराशी असलेला एक माणूस वास्तूस अधिक उपयोगी पडतो, असे आमचे मत आहे.

आता वादाकडे वळू. इटलीत या क्षेत्रातील स्वयंसेवेस एक उज्ज्वल स्मृती लाभली आहे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदीच्या पुराने फ्लॉरेन्स बुडाले, तेव्हा देशोदेशींच्या तरुणांनी राष्ट्रीय ग्रंथालयातील ग्रंथ चिखलातून हातोहात बाहेर काढले. 'चिखलातील देवदूत' हे त्यांना मिळालेले नाव आजही रूढ आहे. परंतु आपत्तीतील सेवा निराळी आणि नित्याची सेवा निराळी. १९९१ मध्ये स्वयंसेवी संघटनांविषयीचा कायदा झाला; १९९३ मध्ये मंत्री आल्बेर्तो रोंके यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्याने शासकीय संग्रहालयांना अशा संघटनांशी करार करण्याची वाट मोकळी केली. २००१ च्या घटनादुरुस्तीने नागरिकांच्या स्वयंस्फूर्त कार्यास शासनाने उत्तेजन द्यावे असे तत्त्व घटनेत घातले. पण त्याच घटनेचे नववे कलम राष्ट्राच्या ऐतिहासिक व कलाविषयक वारशाचे रक्षण ही प्रजासत्ताकाची जबाबदारी ठरविते. शासनाने आपली जबाबदारी नागरिकांच्या उत्साहावर ढकलली तर काय, हा प्रश्न या दोन कलमांच्या मध्ये उभा आहे.

हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिला नाही. रोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात स्वयंसेवक म्हणविले जाणारे काही जण वर्षानुवर्षे नियमित काम करीत होते. त्यांना वेतन नव्हते. दुकानातील खरेदीच्या पावत्या गोळा करून दिल्या म्हणजे खर्चाची भरपाई या नावाखाली महिना चारशे युरोपर्यंत रक्कम मिळे. २०१७ मध्ये हे उघडकीस आले आणि 'पावतीवाले' हा शब्द वृत्तपत्रांत गाजला. कलेतिहास, पुरातत्त्व, अभिलेखविद्या यांत पदव्या घेतलेल्या तरुणांची २०१५ पासून एक चळवळच उभी आहे. तिचे म्हणणे असे की, जे काम शिकण्यासाठी आम्ही वर्षे घालविली ते विनामूल्य करणारे कोणी मिळाले की आमची जागा भरली जात नाही. हे गाऱ्हाणे मत्सराचे नव्हे. निवृत्तिवेतन घेणारा गृहस्थ हौसेने सकाळ देऊ शकतो. नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलीस ते परवडत नाही. परिणामी वारशाशी जवळीक साधण्याची संधी ऐपतीवर अवलंबून राहते. २०१७ च्या स्वयंसेवी क्षेत्राच्या संहितेने स्वयंसेवकास कोणताही मोबदला देण्यास आणि ठोक भरपाई देण्यास मनाई केली. केवळ प्रत्यक्ष खर्च देता येतो. एकाच संस्थेत एकाच व्यक्तीने स्वयंसेवक व वेतनी नोकर अशा दोन्ही नात्यांनी काम करता येत नाही, असेही तीत म्हटले आहे.

आमच्या मते निकष असा असावा : स्वयंसेवक नसता तर ते दार बंद राहिले असते काय, की तेथे पगारी माणूस नेमावा लागला असता? पहिल्या प्रकारात सेवा आहे, दुसऱ्या प्रकारात बचत आहे. अडचण ही की पहिला प्रकार काही वर्षांत नकळत दुसरा होतो. चर्च उघडे राहू लागले की लोक येतात, लोक आले की ते उघडे असणे नित्याचे ठरते, आणि मग तेथे पद निर्माण करण्याची निकड कोणासच वाटत नाही.

नेपल्सच्या सानिता या गरीब वस्तीत मात्र ही वाट उलट दिशेने चालली गेली. तेथील तरुणांनी, स्थानिक धर्मगुरूच्या प्रोत्साहनाने, २००६ मध्ये 'ला पारांत्सा' ही सहकारी संस्था काढली. वस्तीखालील सान गाउदिओसो व सान जेन्नारो यांची भुयारी दफनस्थळे ती दाखवू लागली. हौसेने सुरू झालेले काम तेथे वस्तीतील मुलांच्या उपजीविकेचे साधन झाले. १९२९ च्या करारान्वये इटलीतील ख्रिस्ती भुयारे व्हॅटिकनच्या देखरेखीखाली आहेत. तिकिटांच्या उत्पन्नाचा अर्धा भाग आपणास मिळावा या व्हॅटिकनच्या आयोगाच्या मागणीवरून २०१८ मध्ये वाद झाला, आणि संस्थेच्या बाजूने नगरातून मोठ्या प्रमाणावर सह्या गोळा झाल्या.