लेकरांसह सायकल : पाय जपा, सहल चुकवू नका

ज्या गावाला समुद्र आहे, तिथल्या लोकांना सहलीचा प्रश्न फारसा पडत नाही. संध्याकाळ झाली की किनाऱ्यावर जावे, लेकरांना वाळूत सोडावे, अंधार पडला की घरी यावे. आपल्या सोलापूरला समुद्र नाही. रिक्षाचे जाणे-येणे, बागेतली खेळणी, मुलांचे खाणे असा हिशेब मांडला, तर चार माणसांच्या घराला एका रविवारची सहल अंगावर येते. मग 'पुढच्या पगाराला बघू' असे म्हणता म्हणता वर्ष निघून जाते आणि मुले मोठी होतात.

पण ज्या घराच्या भिंतीला एक जुनी सायकल टेकलेली आहे, त्या घराला दर रविवारी सहल आहे. आम्ही जुळे सोलापुरातली काही कुटुंबे लहान मुलांना घेऊन सकाळी सायकलवर निघतो. त्यातून जे समजले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत.

बापाची सायकल

सोलापूर हे गिरण्यांचे गाव. भोंगा झाला की हॅण्डलला डबा अडकवून कामगार सायकलवर निघत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, पण सायकल राहिली. यंत्रमागावर जाणारा कामगार, गवंडी, रंगारी, सकाळी पेपर टाकणारी पोरे, सगळ्यांचे पोट तिने चालवले.

आपल्या समाजाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट आहे. देशाच्या अनेक भागांत दलित माणसाला सवर्णांच्या आळीतून सायकलवर बसून जाण्याची मनाई असे. आळी लागली की खाली उतरायचे, सायकल हातात धरून चालायचे आणि आळी संपली की पुन्हा बसायचे. काही खेड्यांतून ही रीत एकविसाव्या शतकातही टिकून असल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. म्हणून आपले लेकरू दांडीवर बसवून, घंटी वाजवत भर रस्त्याने जाणे ही साधी गोष्ट वाटली, तरी तिची किंमत कोणीतरी मोजलेली आहे. ती सायकल फक्त कामावर जाण्यापुरती ठेवू नये. ती घराच्या आनंदालाही वापरावी.

चाकात जाणारा पाय

आता सर्वांत महत्त्वाचे. सायकलवर मुलाला होणारी नेहमीची इजा म्हणजे पडणे, असे आपण समजतो. पण कॅरिअरवर बसलेल्या लहान मुलाचा पाय मागच्या चाकात जाणे हा प्रकारही फार घडतो. मूल दोन-तीन वर्षांपासून सात-आठ वर्षांपर्यंतचे असते. त्याचे पाय कशावरही टेकत नाहीत, ते लोंबकळतात. खड्डा आला, झोप लागली किंवा मूल मागे वळून बघू लागले की टाच तारांमध्ये शिरते. चाक फिरतच असते. ते पाय ओढून नेते आणि सायकलच्या सांगाड्यात अडकवते.

या जखमेचा धोका असा की ती वरून लहान दिसते. आत मात्र मांस चेचलेले असते, कातडी ओढली गेलेली असते. दोन-तीन दिवसांनी टाचेवरची कातडी काळी पडते, तेव्हा घरच्यांच्या लक्षात येते. कधी हाडही मोडलेले असते. म्हणून पाय चाकात गेला तर पुढील गोष्टी कराव्यात.

सायकल जागीच थांबवावी. पाय हिसडा देऊन ओढू नये. चाक हळूच उलटे फिरवून पाय मोकळा करावा. तरीही निघाला नाही, तर पक्कडीने तारा कापाव्यात. तार नवी बसते, टाच नवी बसत नाही. जखम स्वच्छ पाण्याने धुऊन धुतलेल्या फडक्याने झाकावी. हळद, चुना, ग्रीस, तंबाखू यांतले काहीही लावू नये. रक्त थांबले तरी त्याच दिवशी दवाखान्यात जावे, धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे आणि डॉक्टर सांगतील तर एक्स-रे काढावा.

हे सगळे टाळण्याचा खर्च अगदी थोडा आहे. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी बसवून घ्यावी. मुलाचे पाय टेकतील अशा दोन पायपट्ट्या सायकलच्या दुकानातून लावून घ्याव्यात. मुलाला बूट घालावेत, चप्पल नको. साडीचा पदर आणि ओढणी खोचूनच बसावे, कारण चाक पाय ओढते तसा कपडाही ओढते. मोटारसायकलवरही हाच नियम आहे.

कोणाला कुठे बसवावे?

एक वर्षाच्या आतले मूल सायकलवर नेऊ नये. त्याची मान अजून धक्के सोसण्याइतकी मजबूत नसते. कडेवर किंवा झोळीत बांधून सायकल चालवणे तर मुळीच नको. आधाराशिवाय नीट बसणारे मूल पुढच्या दांडीवर लावायच्या छोट्या सीटवर बसवता येते. तिथे ते आपल्या दोन्ही हातांच्या मध्ये असते आणि दिसत राहते. मात्र त्या सीटला पाठ, पट्टा आणि पाय ठेवायला जागा हवी. नाहीतर तेच संकट पुढच्या चाकात उभे राहते. थोडे मोठे मूल मागच्या सीटवर बसवावे, तेही पाठीच्या आधाराने आणि पट्ट्याने. सायकल नुसत्या स्टँडवर उभी करून मुलाला तिच्यावर सोडून कधीही दूर जाऊ नये.

हेल्मेटचे काय? मोटारसायकलवर नेल्या जाणाऱ्या ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलासाठी केंद्र सरकारने २०२२ साली नियम केला आणि फेब्रुवारी २०२३ पासून तो लागू झाला. त्यानुसार मुलाला हेल्मेट हवे, चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर नको. सायकलसाठी असा कायदा नाही. पण डोके तेच आहे. दोन सणांच्या कपड्यांत काटकसर करून एक हेल्मेट घेतले, तर ते पाठच्या भावंडालाही होते. एकदा जोराने आपटलेले हेल्मेट मात्र पुन्हा वापरू नये.

पायडल काढा, तोल शिकवा

आपल्यापैकी पुष्कळ जण तासाच्या भाड्याने आणलेल्या मोठ्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून, अर्धा पायडल मारत शिकलो. गुडघे फुटले, पण शिकलो. आजच्या मुलांना एवढे सोसण्याची गरज नाही. सायकल येणे म्हणजे तोल येणे. पायडल मारणे ही नंतरची गोष्ट. बाजूला दोन छोटी चाके लावली की मूल पायडल मारायला शिकते, तोल शिकत नाही. ती चाके काढली की रडारड सुरू होते.

त्यापेक्षा लहान सायकलची सीट इतकी खाली घ्यावी की मुलाचे दोन्ही तळवे जमिनीला टेकतील. मग दोन्ही पायडल काढून टाकावेत. उजवा पायडल नेहमीच्या नटासारखाच सुटतो. डाव्याचे आटे मात्र उलटे असतात, म्हणून तो उलट बाजूला फिरवावा. नाहीतर जोर लावून आटे खराब होतात. आता मुलाला पायाने जमीन ढकलत जाऊ द्यावे. काही दिवसांत ते दोन्ही पाय उचलून घसरत जाऊ लागते. तेव्हा पायडल पुन्हा लावावेत. मागे धावत सीट धरण्याची वेळ बहुधा येतच नाही.

आणखी एक. शाळेचा सदरा आपण वाढत्या अंगाचा घेतो, तशी सायकल घेऊ नये. पाय न टेकणारी सायकल मुलाला घाबरवते आणि पाडते. जुनी पण मापाची सायकल घ्यावी. ब्रेक लहान बोटांनी दाबला जातो का, ते पाहावे. शेजारीपाजारी लहान झालेल्या सायकली एकमेकांना दिल्या, तर एका सायकलवर चार घरांची मुले शिकतात.

आईने मागेच का बसावे?

आमच्या सहलीत सुरुवातीला पुरुष पुढे आणि बायका कॅरिअरवर असत. मग प्रश्न निघाला : दिवसभर विड्या वळणाऱ्या, शिवणावर बसणाऱ्या, घरकामाला पायी जाणाऱ्या बाईला सायकल का येऊ नये? तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत साक्षरता चळवळीबरोबर सायकल शिकण्याचीही चळवळ झाली. तेव्हाच्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकथ यांनी तिला पाठबळ दिले. शेतमजूर, खाणीवर दगड फोडणाऱ्या, नर्स, अंगणवाडीतल्या अशा हजारो बायका सायकल शिकल्या. त्यांत दलित स्त्रियाही होत्या. एसटीची वाट पाहणे संपले, मूल पुढे आणि सामान मागे घेऊन त्या स्वतःच्या वेळेला निघू लागल्या. जिथे आई सायकल चालवते, तिथे मुलीला 'तू पोरगी आहेस' असे सांगायला कोणाला तोंड राहत नाही.

वाट कोणती?

जुळे सोलापूरच्या एका अंगाला विजापूर रोड, दुसऱ्या अंगाला होटगी रोड. दोन्हींवर जड वाहने. थंडीत ऊस गाळपाच्या दिवसांत उसाचे ट्रॅक्टर-ट्रॉलीही रस्त्यावर येतात. सैफुल किंवा आसरा चौक ही मुलांना सायकल चालवू देण्याची जागा नव्हे. दहा वर्षांखालच्या मुलाला समोरून येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज नीट येत नाही. म्हणून मुलांनी वसाहतींच्या आतल्या रस्त्यांवरच चालवावे. मोठा रस्ता ओलांडायचा झाल्यास सगळ्यांनी उतरून, सायकली हातात धरून ओलांडावा. चालताना एक मोठे माणूस पुढे असावे. दुसरे मुलाच्या उजव्या हाताला, थोडे मागे असावे, म्हणजे वाहने आणि मूल यांच्यामध्ये आपण राहतो.

आमची आवडती जागा म्हणजे विजापूर रोडलगतचा कंबर तलाव, म्हणजेच धर्मवीर संभाजी तलाव. हिवाळ्याच्या सकाळी तिथे पाणपक्षी दिसतात. मुले बोटांनी मोजत बसतात. पाण्याच्या काठावर लहान मुलाचा हात सोडू नये. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा सकाळी आठच्या आत घरी परतावे. सोबत पाण्याची बाटली, शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी एवढे पुरे.

शनिवारी रात्री सायकलची हवा, दोन्ही ब्रेक आणि चेन तपासा. मागच्या चाकाला जाळी नसेल, तर ती बसवून होईपर्यंत मुलाला कॅरिअरवर घेऊ नका. त्या रविवारी पायीच तलावापर्यंत जा. पुढच्या रविवारी सायकल तयार असेल.