मैदानाचा पहिला नियम

कामगार चळवळीतल्या माणसाने व्याख्यानमालेत येऊन शाळकरी मुलांच्या कबड्डीवर का बोलावे, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर आधीच देऊन टाकू. आमचे उभे आयुष्य दोन गोष्टी पाहण्यात गेले: नियम कोण करतो, आणि तो मोडला गेला तर हाड कुणाचे मोडते. हे दोन प्रश्न कारखान्याच्या फाटकाशी संपत नाहीत. मैदानाच्या चुन्याच्या रेषेपाशीही ते तसेच उभे असतात, आणि तेथे तर ज्यांची हाडे मोडायची ती अजून वाढत असतात.

आपल्या या किनाऱ्यावर कबड्डी हा केवळ फावल्या वेळचा खेळ नाही. भातकापणी उरकून शेते मोकळी झाली की उरणपासून श्रीवर्धनपर्यंत गावोगाव मैदाने आखली जातात. पेण, अलिबाग, रोहा, मुरूड या तालुक्यांत ज्या गावाला आपला संघ नाही असे गाव शोधूनच काढावे लागेल. रेल्वे, पोलीस, बँका, मोठाले कारखाने यांत खेळाडू म्हणून नोकरी मिळते, हे येथल्या आगरी-कोळी घरांतून पक्के ठाऊक आहे. ज्याच्या बापाची जमीन एक-दोन गुंठ्यांवर आली, त्या मुलाचे भांडवल म्हणजे त्याचे दोन गुडघे. चौदाव्या वर्षी गुडघा गेला तर सामना जातोच, पण पुढची भाकरीही जाते. यास्तव हा प्रश्न आम्हाला करमणुकीचा वाटत नाही. तो रोजगाराचा वाटतो.

आता थोडा इतिहास. आपले वाडवडील ज्याला हुतुतू म्हणत, त्याला ना मैदानाचे माप होते, ना खेळाडूंची संख्या ठरलेली, ना वेळेचे बंधन. प्रत्येक प्रांताचा रिवाज निराळा. १९१८ च्या सुमारास साताऱ्याकडील मंडळींनी या खेळाला नियमांची चौकट दिली आणि १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम छापून काढले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी या खेळाचे प्रदर्शन केले. १९५० साली अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, १९६२ मध्ये शालेय क्रीडास्पर्धांत कबड्डीचा समावेश झाला, आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत ती दाखल झाली. शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी यासाठी जन्म वेचला. या साऱ्या खटाटोपाचे फळ म्हणजे आजचे नियमांचे लहानसे पुस्तक.

हे पुस्तक आम्ही कामगाराच्या नजरेने वाचतो, आणि त्यात आम्हाला दोन प्रकारचे नियम दिसतात. पहिला प्रकार खेळाडूने पाळायचा. नखे काढलेली असावीत, अंगाला तेल लावू नये, अंगावर दागिना नसावा. चढाई करणाऱ्याचे तोंड किंवा गळा दाबून त्याचा दम तोडू नये, पायांची कैची घालू नये, इजा होईल अशी आडदांड पकड करू नये. हे नियम उत्तम आहेत. ज्याने ते प्रथम लिहिले त्याने कुणाचा तरी जीव कासावीस झालेला पाहिला असणार. आमच्याकडचे पंचही ते बऱ्यापैकी पाळून घेतात. सामन्यापूर्वी मुलांची नखे तपासणारा पंच आपण सर्वांनी पाहिला आहे.

दुसरा प्रकार भरवणाऱ्याने पाळायचा, आणि गंमत अशी की पुस्तकाचा आरंभ त्यानेच होतो. मैदान सपाट आणि मऊ असावे. ते माती, शेणखत व लाकडाचा भुसा यांचे असावे किंवा त्यावर मॅट असावी. किशोर गटाच्या मुलामुलींसाठी मैदान ११ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद, म्हणजे पुरुषांच्या १३ बाय १० मीटरच्या मैदानापेक्षा लहान असावे. त्यांचा डाव २० मिनिटांऐवजी १५ मिनिटांचा असावा. थोडक्यात, मुलाच्या अंगावर किती भार टाकायचा हे आधी ठरवा आणि मग त्याला खेळवा. पण ज्या पंचाने नखे तपासली, त्याने गुडघे टेकून मैदानाची माती तपासल्याचे दृश्य किती जणांनी पाहिले आहे? भाताची खुंटे नीट न काढलेले, पाणी मारून न चोपलेले, कडेला खडी आणि मांडवाच्या बांबूंचे खुंट असलेले मैदान आमच्या किनाऱ्याला नवे नाही. पुस्तकातला पहिला नियम मैदानात मात्र शेवटचा ठरतो.

कारखान्यात आम्ही हेच पाहिले. डोक्यावर टोप नाही म्हणून कामगाराला दंड करायला सारे तत्पर. पण फिरत्या पट्ट्याला कुंपण घालायचे म्हटले की खर्चाचा हिशेब निघतो. १९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्राला कुंपण घालण्याची जबाबदारी मालकावर टाकली आणि दर १५० कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी, तीही जाणत्या माणसाच्या ताब्यात, ठेवायला सांगितली. तालुक्याच्या शालेय स्पर्धेला तीन-चारशे मुले सहज जमतात. तेथे हार, नारळ आणि ध्वनिवर्धक न चुकता असतो; पेटी कुठे आहे असे विचारले तर माणसे एकमेकांकडे पाहतात.

आता मॅटविषयी. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि दूरदर्शन संचावर मॅटवरचा, बूट घातलेला खेळ घरोघर पोहोचला. मॅट आली हे चांगलेच झाले. खरचटणे आणि मातीतल्या जखमा कमी झाल्या. मात्र एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मातीत अनवाणी पाऊल थोडे सरकते. मॅटवर बुटाचा तळ चिकटून राहतो. पाऊल जागच्या जागी आणि धड मात्र वळलेले, अशा वेळी पिळा गुडघ्याला बसतो. वर्षभर मातीत सराव केलेले मूल जिल्ह्याच्या सामन्याला कुणाचे तरी मागून आणलेले बूट घालून एकदम मॅटवर उभे राहते, तेव्हा आपण त्याला ओळख नसलेल्या यंत्रावर उभे करत असतो. तिसरी चढाई निष्फळ गेली तर चढाई करणारा बाद, हाही नियम प्रो कबड्डीने लोकप्रिय केला. त्याने खेळाला वेग आला, प्रेक्षक खूश झाले. पण वेग वाढवणारा नियम आला की काळजी वाढवणारा नियमही त्याच्या जोडीने यावा लागतो. कारखान्यात यंत्राचा वेग वाढवला तर आम्ही हेच मागतो.

वजनाची गोष्ट पाहा. किशोर गटाला १६ वर्षे आणि ५५ किलो अशी मर्यादा आहे. हेतू रास्त, थोराड मुलाखाली कोवळे मूल चिरडले जाऊ नये. पण मुलगा ५७ किलोचा निघाला की त्याला आदल्या दिवशी उपाशी ठेवायचे, पाणी तोडायचे, उन्हात पळवायचे, आणि काटा खाली आला की त्याच कोरड्या अंगाने खेळवायचे, ही रीत कुस्तीच्या आखाड्यातून इकडेही आली आहे. अमेरिकेत १९९७ साली असेच झटपट वजन उतरवताना तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर महिना-सव्वा महिन्यात दगावले. तेव्हा तेथल्या संघटनेने नियम बदलले: घाम काढण्याचे रबरी पोशाख आणि उष्ण खोल्या बंद केल्या, आणि वजन लढतीच्या अगदी जवळच्या वेळेला घ्यायचे ठरवले, म्हणजे उपाशी राहून फायदाच उरू नये. यातला बोध असा की रक्षणासाठी केलेला नियमही पळवाट ठेवून केला तर तोच घातक होतो.

सर्वांत मोठा धोका डोक्याचा. कोपऱ्यातला रक्षक घोटा पकडण्यासाठी डोके पुढे करून झेपावतो, आणि तेवढ्यात चढाई करणाऱ्याचा गुडघा वर येतो. मूल क्षणभर सुन्न होते. मग तोंडावर पाणी मारतात, कुणी पाठीवर थाप देतो, आणि तो उठला की टाळ्या पडतात. त्या टाळ्या आम्हाला ऐकवत नाहीत. मेंदूला बसलेला हिसका बाहेरून दिसत नाही. रक्त येत नाही, सूज येत नाही. डोके दुखणे, मळमळ, डोळ्यांपुढे धुरकट दिसणे, प्रश्नाला उशिराने उत्तर देणे एवढीच त्याची खूण. तो भरून येण्याआधी दुसरा मार बसला तर मुलाच्या जिवावर बेतू शकते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याने २००९ साली यासाठी कायदा केला: असा नुसता संशय आला तरी शाळकरी खेळाडूला लगेच बाहेर काढायचे, आणि जाणत्या वैद्यकीय माणसाच्या लेखी परवानगीखेरीज परत घ्यायचे नाही. २०१४ पर्यंत तेथल्या पन्नासही राज्यांत असे कायदे झाले. या नियमाला पैसा लागत नाही. एका माणसाने ‘थांब’ म्हणायचे आणि बाकीच्यांनी ते ऐकायचे, एवढेच लागते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की इतके नियम केले तर खेळ मिळमिळीत होईल. हा आक्षेप आमच्या ओळखीचा आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याची सुट्टी मागितली तेव्हाही धंदा बुडेल असे सांगणारे होते. १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली आणि गिरण्या चालूच राहिल्या. खेळाचेही तसेच. १९०५ साली अमेरिकन फुटबॉलमध्ये इतके तरुण मेले की अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून घेतले. पुढच्याच वर्षी चेंडू पुढे फेकण्यास मुभा देणारा नियम आला, एकाच जागी माणसांचा ढीग होणे कमी झाले, आणि खेळ मरण्याऐवजी अधिक प्रेक्षणीय झाला.

तिकडे लॅक्रॉस नावाचा एक खेळ शाळांतून खेळतात. मूळचा तो उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींचा. काठीच्या टोकाला जाळी असते आणि तिने कठीण रबरी चेंडू झेलतात, फेकतात. तो चेंडू एका नेमक्या क्षणी छातीवर बसला तर निरोगी मुलाचेही हृदय थांबू शकते, हे उमगल्यावर शाळांच्या संघटनेने २०२२ पासून मुलांच्या खेळात प्रत्येकाला विशिष्ट दर्जाचे छातीचे कवच सक्तीचे केले. नियम योग्यच, पण कवचाचा खर्च पालकाच्या खिशातून जातो. आपली कबड्डी या बाबतीत भाग्यवान आहे. तिला काठी नको, चेंडू नको, कवच नको. आपल्या मुलांची सुरक्षितता दुकानातून आणावी लागत नाही. ती मातीत, तराजूत आणि पंचाच्या शिट्टीत आहे. म्हणूनच ती न देण्याला आपल्याला सबब उरत नाही.

मग करावे काय? आमची मागणी चार कलमांची आहे. नाणेफेकीपूर्वी पंच आणि दोन्ही संघनायकांनी मैदानावर अनवाणी फेरी मारावी; काच, खडी, खुंट निघाले तर आधी मैदान दुरुस्त करावे. वजन सामन्याच्या दिवशी, खेळाच्या जवळच्या वेळेला घ्यावे. डोक्याला मार लागलेले मूल त्या दिवशी पुन्हा उतरवू नये, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून पुढेही नाही. प्रथमोपचाराची पेटी, ती वापरता येणारा माणूस आणि दवाखान्यात नेण्यासाठी एक वाहन तयार असल्याखेरीज पहिली चढाई होऊ नये.

आणि पाचवे कलम, जे नसेल तर ही चार कागदावरच राहतील. मैदान खराब आहे म्हणून ज्या शिक्षकाने संघ उतरवला नाही, त्याच्या शाळेला पराभूत ठरवू नये. आज तो बिचारा जाणतो की नाही म्हटले तर सामना गेला, मुले रडली, मुख्याध्यापक रागावले. नाही म्हणण्याची किंमत नाही म्हणणाऱ्यानेच भरायची असेल, तर कुणीही नाही म्हणणार नाही. १९३३ साली याच अलिबाग तालुक्यात चरी-कोपरच्या कुळांनी जाचक अटींवर जमीन कसणार नाही असे सांगितले आणि पुढली कित्येक वर्षे ते बोलणे पाळले. त्यांना ते शक्य झाले, कारण नाही म्हणणारा एकटा नव्हता. ज्या मुलखाने हे केले त्या मुलखातल्या पालकांना, खडीवर आमची मुले खेळणार नाहीत, एवढे एक वाक्य एकत्र म्हणणे जड जाऊ नये.

भातकापणी झाली की मैदाने पुन्हा आखली जातील. त्या वेळी चुना मारण्याआधी माती चाळा.