हिरव्या उलटीनंतरचे तास

नवजात बाळ दूध टाकतंच. घरातली मोठी माणसं त्याचं फारसं मनावर घेत नाहीत, आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबरही असतं. पण दुपट्यावर पडलेलं पांढरं नसून हिरवं असेल, तर बालशल्यचिकित्सक एकच धरून चालतात: आतडं कुठेतरी बंद आहे. तसं नाही याची खात्री होईपर्यंत दूध बंद, मध बंद, घुटी बंद.

हा हिरवेपणा पित्ताचा. जठर संपून लहान आतडं जिथे सुरू होतं, तिथे पित्त उतरतं. त्याच्या पुढची वाट बंद असली की ते मागे जठरात येतं आणि तिथून तोंडावाटे बाहेर पडतं. ग्लासगोच्या डॉक्टरांनी २००६ मध्ये पालक, सुईणी, परिचारिका आणि फॅमिली डॉक्टर यांच्यापुढे रंगांचा तक्ता ठेवून पित्ताची उलटी कोणत्या रंगाची, असं विचारलं होतं. बऱ्याच पालकांनी, इतकंच नव्हे तर बऱ्याच डॉक्टरांनीही, पिवळ्यावर बोट ठेवलं. ऑपरेशनचं तंत्र पुष्कळ सुधारलं आहे. बाळं अजूनही हातची जातात ती बऱ्याचदा ऑपरेशनच्या आधीच्या तासांत.

म्हणून बाळ दाखल झालं की पहिलं काम सुरीचं नसतं, नळीचं असतं. सिस्टर बाळाच्या तोंडातून किंवा नाकातून जठरात नळी घालते, सिरिंजनं साचलेलं सगळं ओढून घेते आणि नळीचं तोंड उघडं ठेवते. ते आधी झालं नाही, तर उलटी श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. मग सलाइन, रक्ताचे नमुने, डोक्याला टोपी, वॉर्मरची ऊब. लांबच्या गावाहून येणाऱ्या बाळाला ही नळी आणि ही ऊब निघतानाच मिळायला हवी, रुग्णवाहिकेत बसण्याआधी. दरम्यान वडिलांना विचारलं जातं: काळी शी झाली का? किती वाजता? पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांना पहिल्या चोवीस तासांत ती होते. गुदद्वार जागेवर आहे का, हेही तेव्हाच पाहून घेतात.

मग एक्स-रे. पोटात हवेचे दोनच फुगे आणि पुढे काहीच नाही, तर अडथळा लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीला. अशा साधारण तीनांतल्या एका बाळाला डाऊन सिंड्रोमही असतो, त्यामुळे हृदयाची तपासणी आलीच. फुगलेल्या आतड्याची वेटोळी बरीच दिसली, तर वाट आणखी खाली अडलेली.

सगळ्यात धास्ती असते ती पिळाची. गर्भात आतडं नीट वळून जागेवर बसलं नसेल, तर ते आपल्याच रक्तवाहिनीभोवती पिळलं जातं आणि काही तासांत काळं पडतं. इथे एक्स-रे फसवाही असू शकतो. बोस्टनच्या विल्यम लॅड यांनी १९३६ मध्ये सांगितलेली रीत आजही चालते: पीळ सोडवायचा, आडवे आलेले पडदे कापायचे, लहान आतडं पोटाच्या उजवीकडे आणि मोठं डावीकडे ठेवायचं. इतरांच्या पोटात असते तशी मांडणी करायची नाही; पुन्हा पीळ पडू नये एवढंच साधायचं.

आतड्याचा तुकडाच नसणं हे मात्र बराच काळ कोडं होतं. गर्भात आतडं आधी भरीव असतं आणि पोकळ व्हायचं राहून जातं, अशी जुनी समजूत होती. अगदी वरच्या भागापुरती ती आजही मान्य आहे. पण खालच्या अडथळ्यांत बंद जागेच्या पलीकडेही पित्त आणि बाळानं गर्भजलासोबत गिळलेली लव सापडे. म्हणजे वाट कधीतरी उघडी होती. केप टाऊनमध्ये यान लाऊ आणि ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी गाभण कुत्रीच्या पोटातल्या पिल्लाच्या आतड्याच्या रक्तवाहिन्या बांधल्या, गर्भाशय पुन्हा शिवलं आणि वाट पाहिली. पुष्कळ प्रयत्न फसले. अखेर जन्मलेल्या पिल्लांत बाळांसारखाच दोष दिसला. तो निष्कर्ष १९५५ मध्ये छापून आला. हेच बर्नार्ड १९६७ मध्ये पहिल्या हृदयरोपणामुळे जगाला ठाऊक झाले, पण असंख्य अर्भकं वाचली ती या आधीच्या कामामुळे.

कारण त्यातून शस्त्रक्रियाच बदलली. रक्त कमी पडून आतडं मेलं असेल, तर अडथळ्याच्या वरचं फुगलेलं टोकही धड नसणार. तोवर सर्जन ते तसंच ठेवून बाजूला जोड देत, आणि जोड शिवलेला असूनही पुढे काही सरकत नसे. लाऊंनी ते टोक कापून टाकायला आणि दोन्ही तोंडं समोरासमोर जोडायला सांगितलं.

आज थिएटरमध्ये तेच चालतं. बाळ गार पडू नये म्हणून एसी बंद असतो आणि सर्जन घामाघूम. अडीच किलोच्या बाळाच्या अंगात रक्त जेमतेम दोनशे मिलिलिटर. भिजलेल्या बोळ्यांचाही हिशोब भूलतज्ज्ञ ठेवतात. बेंबीच्या वर आडवा छेद घेऊन सगळं आतडं बाहेर, कोमट ओल्या कापडावर येतं. वरचं टोक अंगठ्याहून जाड, खालचं उदबत्तीच्या काडीएवढं. दोन्हींचा मेळ बसावा म्हणून खालच्या टोकाला तिरकी चीर देतात. त्याआधी खालच्या आतड्यात सलाइन सोडून पाहतात, कारण अडथळे एकाहून जास्त असू शकतात. मग केसासारख्या बारीक दोऱ्याचे टाके, एकेक, एकाच थरात. उरलेलं आतडं मोजून लांबी कागदावर लिहिली जाते. पुढे बाळ कशावर वाढणार हे बरंचसं त्या आकड्यावर ठरतं.

त्यानंतरचे दिवस नळीकडे पाहण्यात जातात. जठरातून निघणारं पाणी हिरव्याचं फिकं होत जातं, एक दिवस नितळ येतं. तोवर पोषण शिरेतून. ते शक्य आहे हे स्टॅन्ली डड्रिक यांनी आधी कुत्र्याची पिल्लं वाढवून दाखवलं. १९६७ मध्ये फिलाडेल्फियात आतडं जवळजवळ नसलेली एक मुलगी त्याच मार्गानं वाढली आणि सुमारे दोन वर्षं जगली. शिरेतून द्यायच्या या पोषणाची पिशवी महाग असते आणि शिरेतल्या नळीला जंतुसंसर्ग झाला, तर टाके उत्तम असूनही बाळ दगावतं. त्यामुळे ती लवकर सुटावी, असाच सगळ्यांचा प्रयत्न.

बाळंतीण बऱ्याचदा दुसऱ्याच इस्पितळात असते, पोटावर स्वतःचे टाके घेऊन. तिला पहिल्या दिवसापासून दर दोन-तीन तासांनी दूध काढायला सांगतात, म्हणजे ते आटत नाही. बाळाला शी झाली आणि नळीतलं पाणी कमी झालं की त्यातलं काही मिलिलिटर दूध आत जातं. पुढच्या वेळी दूध देण्याआधी सिस्टर सिरिंज ओढून पाहते: पचलं, की परत आलं?