मूल आणि कुत्रा



शाळेला निघालेल्या पोराच्या मागोमाग जाणारा कुत्रा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. मास्तरांनी दोनदा हाकललं, तरी तो कुंपणाच्या कडेला अंग चोरून बसतो आणि शाळा सुटली की शंभर पोरांतून आपलं पोर नेमकं हुडकून काढतो. त्याला भाकरी टाकते ती घरातली आई. पण मागे धावतो तो पोराच्या. असं का व्हावं? कुत्र्याची ही माया खरी, की आपल्या मनाचा खेळ? आणि खरी असेल, तर तिच्यापायी आपल्यावर काही जबाबदारी येते का? याचा आज थोडा विचार करू.

कुत्रा हा लांडग्याचा वंशज. गाय-बैल, शेळ्या-मेंढ्या आपल्या दावणीला आल्या त्याच्या कितीतरी आधी, माणूस शिकारीवर पोट भरत होता तेव्हाच, त्याने माणसाशी सोयरीक जोडली. जर्मनीत बॉन शहराजवळ १९१४ साली सुमारे चौदा हजार वर्षांपूर्वीचे एक थडगे सापडले. त्यात एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्याबरोबर एक लहान वयाचा कुत्रा पुरलेला होता. त्याच्या दातांवरून तज्ज्ञांनी असे ताडले आहे की, तो मरण्यापूर्वी बरेच दिवस आजारी होता आणि कुणीतरी त्याची शुश्रूषा केली असावी. शिकारीला निरुपयोगी अशा आजारी पिल्लाला माणसाने सांभाळले, म्हणजे हे नाते तेव्हाही नुसते कामापुरते नव्हते.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. आई तान्ह्याच्या डोळ्यांत पाहते तेव्हा दोघांच्या शरीरात ऑक्सिटोसिन नावाचे द्रव्य वाढते. माया घट्ट करण्यात या द्रव्याचा वाटा असतो. कुत्रा आणि त्याचा धनी एकमेकांकडे टक लावून पाहतात, तेव्हा दोघांतही हेच द्रव्य वाढते, असे जपानी शास्त्रज्ञांना आढळले. त्यांचे संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झाले. माणसाने वाढवलेल्या लांडग्यांत मात्र तसे दिसले नाही. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात मुले आणि घरचे कुत्रे यांची पाहणी झाली, ती २०२१ साली छापून आली. मूल चालले की कुत्रा चालतो, मूल थांबले की तोही थांबतो, असे त्यात बऱ्याच वेळा दिसून आले. तेव्हा पोराच्या मागे जाणारा कुत्रा केवळ भाकरीच्या आशेने जातो, असं म्हणता येणार नाही.

पण एक ध्यानात ठेवावं. ही माया जन्मतः आयती मिळत नाही. पिल्लू तीन आठवड्यांचे झाल्यापासून साधारण तीन महिन्यांचे होईपर्यंत त्याचे मन घडत असते. त्या काळात ज्याला लहान मुलांचा प्रेमळ सहवास मिळतो, तो पुढे मुलांना सहसा बिचकत नाही. ज्याने दगड आणि लाथाच खाल्ल्या, त्याला धावत येणारे मूल म्हणजे संकटच वाटते.

पंचतंत्रातील ब्राह्मणी आणि मुंगूस यांची गोष्ट शाळेत सर्वांनी ऐकलेली आहे. पाळण्यातल्या बाळाला वाचवण्यासाठी मुंगसाने साप मारला, आणि त्याचे रक्ताळलेले तोंड पाहून बाईने त्याच्यावरच घागर टाकली. हीच गोष्ट देशोदेशी फिरत युरोपात गेली आणि तिथे मुंगसाचा कुत्रा झाला, सापाचा लांडगा झाला. वेल्स देशात गेलर्ट नावाच्या अशाच एका कुत्र्याची समाधी आजही दाखवतात. प्राणी बदलला, देश बदलला. पण चूक दोन्हीकडे मोठ्या माणसाचीच. जनावराला बोलता येत नव्हते आणि माणसाने नीट पाहिले नाही.

हीच चूक आपण वेगळ्या रीतीने रोज करतो. मूल कुत्र्याच्या गळ्यात पडते, शेपूट ओढते, जेवताना त्याच्या थाळीत हात घालते, आणि ‘आपला कुत्रा गरीब आहे’ म्हणून आपण कौतुकाने बघत राहतो. कुत्रा मात्र आपल्या परीने सांगत असतो. तो तोंड फिरवतो, ओठ चाटतो, झोप आलेली नसताना जांभई देतो, अंग ताठ करतो, मग गुरगुरतो. एवढे सांगूनही कुणी ऐकले नाही, तर दात लावतो. ही भाषा चार वर्षांच्या पोराला कळत नाही. ती मोठ्यांनी वाचायची असते. म्हणून लहान मूल आणि कुत्रा यांना एकटे सोडू नये. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लं पाजणाऱ्या कुत्र्याजवळ मुलाने जाऊ नये. अनोळखी कुत्रा अंगावर आला तर पळू नये; हात अंगाशी धरून झाडासारखे स्तब्ध उभे राहावे.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची. पिसाळण्याचा रोग एकदा अंगात दिसू लागला, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळीच लस टोचली, तर तो टाळता येतो. ६ जुलै १८८५ रोजी पॅरिसमध्ये लुई पाश्चरच्या देखरेखीखाली जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस प्रथम टोचली गेली, आणि पोर जगले. पूर्वी पोटात चौदा सुया टोचत, तिची धास्ती अजून खेड्यांत आहे. आता तसे राहिलेले नाही. लस दंडात देतात आणि थोड्याच वेळा द्यावी लागते. कुत्रा चावला किंवा नुसता ओरखडा निघाला, तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही भरू नये. लगेच सरकारी दवाखाना गाठावा आणि सगळे डोस पुरे करावेत. जखम खोल असेल तर डॉक्टर आणखी एक औषध देतात, तेही घ्यावे. मार बसेल या भीतीने मुले ओरखडा लपवतात. तेव्हा ‘कुत्र्याने ओरबाडलं तर आधी मला सांग, मी रागावणार नाही,’ एवढे वाक्य प्रत्येक घरात आणि प्रत्येक वर्गात बोलले गेले पाहिजे.

घरच्या कुत्र्याला तीन महिन्यांचा झाला की लस टोचून घ्यावी, आणि पुढे गुरांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने दरवर्षी टोचावी. गुरुजींनी मुंगसाची गोष्ट शिकवाल त्या दिवशी पोरांना विचारून पाहावे, तुमच्या कुत्र्याला यंदा सुई दिली का? पोरे घरी जाऊन बापाच्या मागे लागतील, यात शंका नाही.